पाळीवर फिरलेला सापळा

घरातलं भात संपलं तरी सासरे बियाण्याच्या कणगीला हात लावू देत नसत. दुष्काळाच्या साली आम्ही रेशनच्या लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्या. ते पीठ धरत नसे. भाकरी तव्यावर टाकेपर्यंत तुटायची आणि खाल्ल्यावर पोटात गोळा व्हायचा. ज्या भिंतीला टेकून आम्ही त्या भाकरी खायचो, तिच्याच कोपऱ्यात शेणाने लिंपलेली कणगी उभी होती. तिच्यात आंबेमोहोराचं बी होतं.

सासू एकदा म्हणाली, "यातलं पायलीभर काढलं तर काय आभाळ कोसळतंय?"

"मी मेल्यावर काढ."

"मंग मरा लवकर. भूक लागलीया."

आमच्या घरात असंच बोलत. त्याचं कोणी मनाला लावून घेत नसे.

ते बी सासऱ्यांच्या आज्ज्यापासून चालत आलेलं होतं. कापणीच्या आधी ते स्वतः खाचरात उतरायचे, मधल्या जागेतल्या लांब, भरलेल्या लोंब्या हाताने खुडायचे आणि त्यांचंच बी धरायचे. बांधाकडेची लोंबी कितीही चांगली असली तरी घेत नसत. का, ते मला ठाऊक नाही. विचारलं तर "तसंच असतंय" म्हणायचे. आमचा भात शिजला की आळीतल्या शेवटच्या घराला वास जायचा. मग शेजारीण वाटी घेऊन यायची. ही आळीची रीतच होती. ज्या घरातून वास येईल तिथे वाटी न्यायची, आणि त्या घराने नाही म्हणायचं नाही.

दुष्काळाच्या पुढच्या साली पाऊस वेळेवर आला. सासऱ्यांनी रोपांसाठी राब भाजला आणि कणगीतलं सगळं बी त्यात फेकलं. मागे काही ठेवलं नाही, कारण ठेवण्याइतकं नव्हतंच. म्हणजे आमचं बी त्या साली फक्त वावरात होतं, घरात एक दाणा नव्हता. हे ध्यानात ठेवा, बाकी सगळं त्याच्यावरच आहे.

टाकव्याच्या पुढे डोंगराच्या बाजूला आमची वाडी. थोडी घरं, सगळी एकमेकांच्या नात्यातली. लावणी इर्जिकीवर व्हायची. आज सगळ्यांनी तुझ्या खाचरात उतरायचं, उद्या सगळ्यांनी माझ्या. ज्याच्या घरी माणसं आणि बैल कमी त्याचीही लावणी त्यामुळे वेळेत होई. पाळी चुकवली तर माणूस वाडीतून उठल्यासारखाच. आम्हाला दुसरी कुठली पद्धत माहीतच नव्हती. पाणी पाळीने, गुरं राखायला पाळीने, देवळातला दिवासुद्धा पाळीने.

लावणी उरकून श्रावण लागला आणि भाताच्या सरकारी केंद्रातला साहेब आला. तरुण होता, चिखलात चपला हातात घेऊन चालायचा. मागल्या साली खाली नदीकाठी भाताचा गाभा मेला होता, तो खोडकिड्याने, असं तो म्हणाला. कीड किती आहे ते आधी कळावं म्हणून त्याला आमच्या बाजूला एक सापळा लावायचा होता. सासऱ्यांचं खाचर वाडीच्या मधोमध, म्हणून ते त्याने निवडलं.

सापळा म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा डबा, आडवा, खांबाला बांधलेला. आतून चिकट लेप. मधोमध जाळीचा पिंजरा, आगपेटीपेक्षा थोडा मोठा. त्या पिंजऱ्यात एक जिवंत मादी ठेवायची, पिवळसर पंखांची, दोन्ही पंखांवर एकेक काळा ठिपका. नर लागलेला नसावा. तिच्या वासावर लांबून नर येतात आणि लेपाला चिकटतात. रोज सकाळी किती चिकटले ते मोजायचं.

हे तो बांधावर उभं राहून सांगत होता आणि आम्ही बायका डोक्यावर पानांची इरली घेऊन ऐकत होतो. वरच्या घरातली मावशी, जिची जीभ कधी गप्प बसली नाही, ती म्हणाली, "म्हंजी नवरी पिंजऱ्यात घालायची आन् नवरं धरायचं?"

साहेब लाजला. "तसंच म्हणा."

"आमच्याकडं तर उलटं हाय बाबा. नवरी फुकट फिरती आन् नवरा घावत न्हाई. हिचा तर लोणावळ्यात जाऊन बसलाय." हे माझ्याकडे बोट करून. माझे मालक लोणावळ्याला रेल्वेच्या यार्डात खलाशी होते, सुट्टीला येत.

"तिकडं कुणाचा वास लागला का बघ गं पोरी!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. साहेब सापळ्याचा खांब उगाच हलवून बघत राहिला.

मोजायचं काम माझ्याकडे आलं, कारण वाडीतल्या बायकांत चौथी पास मी एकटी. बाप्ये होते दोन-चार शिकलेले, पण पाखरं मोजायला कोण बाप्या बसतो? साहेबाने मला काचेची बरणी दिली. तिच्यात किडक्या भाताच्या काड्या, तोंडाला फडकं. काड्यांतून पाखरं बाहेर यायची. त्यातली मादी ओळखून चिमटीत हलकेच धरायची आणि पिंजऱ्यात सोडायची. चार दिवस टिकायची, मग मरायची, मग दुसरी. चिकटलेले नर मोजून मी दाराच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढायची.

कोणाला वाटेल त्या पिंजऱ्यातल्या मादीकडे बघून मला काही वाटत असेल. काही वाटत नसे. पाखरू ते. मला भाकरी टाकायच्या असायच्या.

जाताना साहेबाने दोन गोष्टी सांगितल्या. मी त्या ऐकल्या, सासऱ्यांनी ऐकल्या, सगळ्यांनीच ऐकल्या. एक, सापळा जागचा हलवायचा नाही. एकाच जागी राहिला तरच आज कालच्यापेक्षा जास्त आहे का कमी ते समजेल. दुसरी, आकडा सलग चढायला लागला की तो औषध आणि फवारणीचा पंप पाठवेल. पंप या बाजूला एकच होता. ज्या गावाचा आकडा चढेल, त्या गावाला आधी.

पहिल्या आठवड्यात डबा चांगलाच भरला. सासूने खांबाला हळदकुंकू लावलं. उदबत्ती लावायला निघाली तर मी म्हटलं, "आत्याबाई, वासाचं काम हाय त्याचं. धूर नगा करू."

"देवाला चालतंय, त्याला चालत न्हाई व्हय?" पण लावली नाही.

आळीतली माणसं येऊन डब्यात डोकावून जायची. डब्यात एवढी पाखरं मेलेली पाहून त्यांना वाटलं, चला, वावर साफ होतंय. मोजण्यासाठी कोणी डबा देतं, लेप देतं, साहेब पाठवतं, हे कोणाच्या गळी उतरणारं नव्हतं. दिलंय म्हणजे मारायलाच दिलंय. मीही तेव्हा काही वेगळं समजत नव्हते. मला फक्त हलवू नको एवढं सांगितलेलं माहीत होतं.

आठ दिवसांनी संध्याकाळी खालच्या घरातले भाऊ ओट्यावर येऊन बसले. सासऱ्यांच्या बरोबरीचे. तंबाखू मळता मळता म्हणाले, "आबा, तुमचं वावर झालं की साफ."

"व्हय, लय पाखरं घावली."

"मंग आमचं कवा?"

सासऱ्यांनी चुना पुढे केला. भाऊ म्हणाले, "न्हाई, सरकारनं वाडीला दिलाय का तुमच्या एकट्याच्या घराला दिलाय, तेवढं सांगा. लावणीला आमी समदी तुमच्या खाचरात व्हतो. मी न्हाई म्हणलो का तवा? कंबर मोडली माझी."

"कोण म्हणतंय न्हाई म्हणलास म्हणून?"

"मंग झालं तर."

मी आतून सासऱ्यांना म्हटलं, "मामा, साहेबांनी हलवायचा न्हाई म्हणून सांगितलंय."

भाऊ हसले. "साहेब काय बांधावर झोपायला येणार हाय? उचलला आन् लावला. खुटा तर हाय."

सासरे उठले. त्यांना कोणी आपलपोटा म्हटलेलं सहन व्हायचं नाही. भूक सोसली असती, ते नाही. म्हणाले, "उद्यापासनं पाळी. तुझ्यापासनं धर."

आणि सापळा फिरायला लागला. आज भाऊंच्या खाचरात, उद्या मावशीच्या, परवा नदीकडेच्या तुकड्यात, मग वर डोंगराच्या कडेला, जिथे नाचणी होती आणि भात नावाला. माझं काम तेच. जिथे असेल तिथे जाऊन मोजायचं आणि रेघा ओढायच्या. एक दिवस रेघा ओढता ओढता कोळसा संपायचा, दुसऱ्या दिवशी एका हाताची बोटं पुरायची. नाचणीच्या कडेला तर एखादाच नर, तोही वाट चुकलेला. मावशी म्हणाली, "माझ्या पाळीला एवढंसंच? माझ्या वावरातलं नवरंसुदिक दुसरीकडं जात्यात!" ज्याच्या पाळीला डबा जास्त भरे, तो दिवसभर मिशीवर हात फिरवत हिंडायचा. मी सासऱ्यांना परत एकदा सांगितलं. ते म्हणाले, "समद्यांची पाखरं मेली म्हंजी आपलीबी मेली. तितनंच येत्यात ना इकडं?" ऐकायला खरंच वाटत होतं.

बाजाराच्या दिवशी साहेब आला. त्या दिवशी पाळी आमची होती, म्हणून सापळा आमच्याच खाचरात उभा. त्याने दारातल्या रेघा बघितल्या. बराच वेळ बघत राहिला.

"एवढं खालीवर कसं?"

"पावसानं आसंल," सासरे म्हणाले.

"पावसाने होतं थोडं. पण एवढं... सापळा हलवला नाही ना?"

"हितंच हाय की. तुमच्या म्होरं."

मी दाराशी होते. म्हटलं, "मामा, रोज हलतोय. पाळी लावलीया."

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. साहेबाला म्हणाले, "वाऱ्यानं हलतो, ते म्हणतीया. खुटा जरा ढिला झाला व्हता. ठोकला मी."

साहेब हसला. "वाऱ्याने हलला तर चालतो हो, बाई." आणि चहा पिऊन गेला.

सासरे खोटं बोलणारे नव्हते. पण साहेबाला कळलं असतं तर त्याने सापळा उचलून नेला असता, आणि ज्यांची पाळी राहिली त्यांनी जन्मभर ऐकवलं असतं की आबांनी आपलं साधून घेतलं आणि आमच्या वेळेला सापळा घालवला. तेवढ्यासाठी ते बोलले. त्यांनी माझ्यावर राग धरला नाही. संध्याकाळी म्हणाले, "बाप्ये बोलत असताना मधी तोंड घालू नगं." मी घातलं नसतं तरी काही झालं नसतं आणि घातलं तरी काही झालं नाही, एकूण एकच.

त्या आठवड्यात पंप नदीपलीकडच्या गावाला गेला. तिथला आकडा म्हणे सरळ वर चढत चालला होता. आमचा दोन पावलं वर, तीन खाली. त्या रेघांवरून पंप आमच्याकडे पाठवण्याचं काही कारण नव्हतं. साहेबाच्या जागी मी असते तरी पलीकडेच पाठवला असता.

गणपती झाले. भात पोटरीला आलं. पहाटे बांधावरून गेलं की गोडसर वास यायचा. सासरे रोज दोन फेऱ्या मारायचे. मिलोचं नाव काढलं की म्हणायचे, "अजून थोडं दीस."

मग एक दिवस सकाळी ते बांधावर बसलेले दिसले. मी भाकरी घेऊन गेले होते. खाचरात लोंब्या बाहेर पडल्या होत्या, पण त्या पांढऱ्या होत्या. हिरव्या भातात पांढऱ्या, सरळ उभ्या. भरलेली लोंबी वाकते. ह्या ताठ होत्या. पळींज, आत दाणा नसलेल्या.

"थोड्याच हायती," मी म्हटलं.

चार दिवसांत थोड्या राहिल्या नाहीत. सगळं खाचर म्हाताऱ्याच्या डोक्यासारखं झालं. भाऊंचं तसंच, मावशीचं तसंच. पाळीत एकही घर सुटलं नाही. नाचणी तेवढी राहिली.

साहेबाला निरोप गेला, तो पळत आला. एक पांढरी लोंबी धरून त्याने नुसती ओढली. ती अलगद हातात आली, खालून कुरतडलेली. काडी नखाने चिरली. आत अळी होती, फिकट, तांबूस डोक्याची. वाडी गोळा झाली होती. आता औषधाचा उपयोग नाही, तो म्हणाला, अळी काडीत आहे, औषध पोचत नाही.

भाऊ म्हणाले, "पर सायेब, एवढी मारली की आमी. डबं भरभरून."

"ते नर होते," साहेब म्हणाला. "अंडी मादी घालते. आणि सापळा मारायला नव्हताच, मोजायला होता. मी सांगितलं होतं. डबा भरतोय म्हणजे कीड वाढतेय."

सासरे पुढे झाले आणि म्हणाले, "आमी त्यो गावभर फिरवला, सायेब. तुमाला खोटं सांगितलं मी. ही पोरगी खरं बोलत व्हती."

साहेब ओरडला असता तर बरं वाटलं असतं. त्याने खांबावरून डबा सोडवला, पिंजऱ्याचं दार उघडलं. आतली मादी मेलेली होती. ती त्याने झटकून टाकली आणि डबा पिशवीत घालून निघून गेला. बरणी न्यायची विसरला. ती पुढे सासूने लोणच्याला वापरली.

दसऱ्याला भिंती सारवल्या, तेव्हा दारातल्या रेघा शेणाखाली गेल्या.

कापणी झाली, झोडणी झाली. पेंढा भरपूर, भात नाही. नेहमी जिथे खळ्यात रास पडायची तिथे या खेपेला सुपाने गोळा करण्याइतकं मिळालं, त्यातही अर्धं फोल. सासऱ्यांनी तेवढं सगळं बी म्हणून कणगीत टाकलं. कणगीचा तळही नीट झाकला नाही. पुन्हा मिलो. मालकांच्या पगारातून पिठं यायची. सासू आता कणगीविषयी काही बोलत नसे. ती बोलत नव्हती याचीच मला भीती वाटायची. वासासाठी वाटी घेऊन जायची रीत होती, पण त्या साली कोणाच्याच घरातून वास आला नाही.

जेठात राब भाजायची वेळ झाली. साहेबाने नव्या ठेंगण्या जातीचं बी पाठवलं होतं, पोतंभर, वाडीला वाटून. आमच्या वाट्याचं ओसरीवर पडून होतं. सासऱ्यांनी घंगाळात मिठाचं पाणी केलं आणि आमचं बी त्यात ओतलं. दरसाल करायचे. जड दाणा खाली बसतो तो पेरायचा, वर तरंगेल तो कोंबड्यांना.

सगळं वर आलं. पाणी दिसेना. त्यांनी हात घालून ढवळलं, थांबले, परत ढवळलं. वरचं काढून टाकल्यावर खाली ओंजळभर दाणे होते.

ते उठले आणि भाऊंकडे गेले, मावशीकडे गेले, आळीच्या शेवटच्या घरापर्यंत गेले. बी सगळ्या वाडीत एकच होतं, आमच्याकडूनच गेलेलं. कोणी खाल्लं होतं, कोणाचं असंच तरंगलं होतं. रिकाम्या हाताने परत आले.

पुढे शिकलेली माणसं म्हणाली, ओंजळभर बी वाढवता येतं, एक कोपरा लावायचा, पुढल्या साली दुप्पट. येत असेल. त्यांनी सासऱ्यांना त्या दिवशी घंगाळापाशी बसलेलं पाहिलं नव्हतं. सासऱ्यांना त्या साली सत्तरी लागली होती आणि दम लागायचा. राबात नवं बी टाकायला भाऊ हाका मारत होते.

ते दाणे त्यांनी दोन दिवस उन्हात वाळवले. मग सुपासकट माझ्यापुढे ठेवले.

"कांड."

"समदं?"

"ओंजळीला काय समदं आन् थोडं?"

मी उखळात कांडलं. पाखडून पातेल्यात घातलं. कणीच जास्त निघाली. दुपारची वेळ होती, दारं उघडी होती. आधण आलं आणि वास सुटला. पहिल्यासारखाच होता, काही कमी नाही. तो ओसरीवर गेला, दाराबाहेर गेला, आळीत गेला. मी बाहेर डोकावले. मावशी तिच्या उंबऱ्यात उभी होती. तिने नाक वर करून वास घेतला, माझ्याकडे बघितलं. तिला कळलं आम्ही काय शिजवतोय ते. ती आत गेली. वाटी घेऊन बाहेर येईल म्हणून मी थांबले. ती आली नाही. दुसरं कोणी आलं नाही.

सासूने तीन ताटल्यांत वाढलं. एकेक घास म्हणावा एवढं. सासऱ्यांनी खाल्लं, हात धुतला आणि म्हणाले, "खारट लागतंय."

मिठाच्या पाण्यातून काढल्यावर मी ते दोनदा धुतलं होतं. तरी लागत होतं.